आ करा, भावजी

अंगणवाडीत काम करायला लागल्यापासून लोकांना तोंड उघडायला लावणं हा माझा हातखंडा झाला होता. पोरांच्या डोळ्यांसाठी एक पिवळं, तेलकट औषध यायचं. पोरं ते तोंडात घेत, शहाण्यासारखी मान हलवत आणि दाराबाहेर जाऊन भिंतीवर थुंकत. मग मी प्रत्येकाची हनुवटी धरून म्हणायला लागले, "आ कर. जीभ वर कर." दोन महिन्यांत भिंत स्वच्छ झाली. पुढं हेच मला माझ्या सख्ख्या दिराला म्हणावं लागेल, तेही रोज सकाळी चुलीपुढं, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

आमचं गाव ताडकळसपासून पायी अर्ध्या तासावर. घरात माझे मालक, मी, धाकटे दीर आणि त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ. शेत मालक बघत. दिरांचं ताडकळसला बाजाराच्या रस्त्यावर दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती बैलगाडीत घालून त्यांच्याकडं आणत आणि ते आतली जळकी तार काढून नवी तांब्याची तार भरून देत. हात इतका बसलेला की गप्पा मारता मारता वेढे घालत, आणि वेढा चुकत नसे.

पण दुरुस्त मोटार विहिरीवर बसवून द्यायलाही त्यांनाच जावं लागे. पाण्याची पहिली धार दांडात, म्हणजे शेतातल्या पाटात, पडली की शेतकरी खूश, आणि खुशी म्हणजे बाटली. मिस्त्रीला कोरडं पाठवलं तर मोटार परत जळते, असं आमच्याकडं लोक हसत हसत म्हणत आणि हसत हसतच पाजत. उन्हाळ्यात दिवसाला दोन-दोन विहिरी व्हायच्या. तीन-चार वर्षांत असं झालं की सकाळी घेतल्याशिवाय तार धरता येईना आणि घेतल्यावर दुकानापर्यंत पोचता येईना. मारझोड त्यांनी कधी केली नाही, हे सांगायलाच हवं. पण घरात असून ते घरात नसत. शेवटी एका आषाढात जाऊ लहान लेकीला घेऊन चारठाण्याला माहेरी गेली. तिला न्यायला आलेल्या थोरल्या भावानं अंगणात उभ्या उभ्या सांगितलं, "येळवशीला आमी येऊन बघतो. माणूस धड असला तर बहीण ठिवून जाऊ. नसला तर तुमचा आमचा संबंध संपला."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या, आमच्याकडचा शेतातला सण. हातात पाच महिने होते.

परभणीत एका औषधाच्या दुकानामागं दोन खोल्या भाड्यानं घेऊन एक डॉक्टर दर गुरुवारी बाहेरगावाहून येतात आणि दारू सोडवतात, हे मला आमच्या नर्सबाईनं सांगितलं. तिथं भरती होऊन राहायचं नसे. यायचं, बसायचं, बोलायचं, गोळ्या घ्यायच्या आणि घरी जायचं. मला ते काही पटलं नव्हतं. दारू सोडवायची तर माणूस कोंडून घालायला पाहिजे, असं माझं मत होतं आणि तेव्हा माझी मतं घरात कुणी खोडत नसे. दीर मात्र यायला तयार झाले. बायको गेल्यापासून ते स्वतःलाच भ्यायले होते.

पहिले काही दिवस हातापायांची थरथर आणि तगमग कमी करायच्या गोळ्या होत्या. दारू पूर्ण बंद झाल्यावर तिसऱ्या गुरुवारी डॉक्टरांनी खरी गोळी काढली. ही पोटात असताना माणूस प्यायला तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, जिवावरही बेतू शकतं, असं त्यांनी सांगितलं. मला तर आनंदच झाला. मी म्हणाले, "माझ्याकडं द्या. मी रोज वरणात कालवते. त्यांना कळायचं बी न्हाई."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, चोरून द्याल आणि हे कुठं जाऊन पितील, तर तुमच्या वरणानं माणूस मरेल. यांना माहीत पाहिजे आणि यांची मर्जी पाहिजे." मग दिरांकडं वळून विचारलं, "घरात कुणाला भिता?"

दीर खाली बघत म्हणाले, "वैनीला."

खोलीतले सगळे हसले. मीही हसले, पण आतून मला ते आवडलं होतं. कुणीतरी आपल्याला भितं यात सुख असतं, ते मी नाकारणार नाही. त्या दिवसापासून गोळ्यांची डबी माझ्याकडं आली. डॉक्टरांनी एक कागदही दिला. खोकल्याच्या बाटल्या, वैद्याकडची आसवं, ताकदीची औषधं, असं काय काय घ्यायचं नाही त्याची ती यादी होती, कारण त्यांतही थोडी दारू असते. तो कागद मी चुलीवरच्या भिंतीला डकवला. अक्षर न् अक्षर पाळायचं असा माझा बाणा होता.

गोळ्यांइतकंच तिथं बोलण्याला महत्त्व होतं, आणि ते काम एक ताई करत. कोकणातल्या होत्या, अंगानं काडीसारख्या, पण आवाज खणखणीत. मागच्या अंगणात लिंबाखाली सतरंजी टाकून त्या सगळ्यांना गोल बसवत, पिणारे एकीकडं आणि घरचे एकीकडं असं न करता मिसळून. प्यायची आठवण कधी आली, कुठं आली, त्याआधी काय झालं होतं, हे प्रत्येकानं वहीत लिहून आणायचं. लिहिता न येणाऱ्यानं सांगायचं. दिरांच्या वहीत दर वेळी एकच निघायचं. दारूच्या गुत्त्यावरून जाताना त्यांना काही वाटत नसे. पाण्याची पहिली धार दांडात पडताना बघितली की घसा कोरडा पडे.

ताई म्हणाल्या, "मग आज आपण विहिरीवर जाऊ." त्या स्वतः शेतकरी झाल्या. पदर कमरेला खोचला, मिशीवर ताव दिल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "काय मिस्त्री, पाणी काढलंत की हो! घ्या एक पेला, अगदी माझ्याखातर."

"अवं ताई," एक म्हातारा बोलला, "आमच्याकडचा शेतकरी असा न्हाई बोलत. तो म्हणंल, ए मिस्त्री, बस खाली, न्हाई म्हणलास तर आपली दोस्ती खलास."

मग तो म्हाताराच शेतकरी झाला. दीर पहिल्यांदा नुसते हसले, दुसऱ्यांदा गप्प बसले, तिसऱ्यांदा म्हणाले, "दोस्ती हाय म्हणूनच सांगायलोय. बाटली ठिव, भाकर खाऊ घाल." ताईंनी टाळी वाजवली आणि हे वाक्य दहा वेळा म्हणून घेतलं. पुढं ते खरंच विहिरीवर चाललं. आमच्या भागात मिस्त्रीला ठेचा-भाकरीचं जेवण घालायची पद्धत त्या हिवाळ्यात पडली. एकानं तर कोंबडं कापलं.

सकाळचा आमचा नेम ठरलेला होता. मी भाकरी थापायला बसायच्या आधी डबीतली एक गोळी काढायची, पाण्याचा तांब्या पुढं करायचा. ते गिळायचे. मी म्हणायची, "आ करा, भावजी. जीभ वर." तीस वर्षांचा मिशीवाला माणूस माझ्यापुढं उकिडवा बसून तोंड उघडायचा आणि मी चुलीच्या उजेडात वाकून बघायची. पहिल्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नंतर सवय झाली. कधी कधी तेच आधी आ करून विचारत, "दाढ किडली हाय का बघा की, वैनी." चार महिने एकही दिवस चुकला नाही. हातांची थरथर थांबली, अंगावर मांस आलं. सकाळी सायकल काढून ते दुकानाला निघाले की मला गाणं सुचायचं, आणि माझं गाणं ऐकून मालक उठून शेताकडं जायचे.

येळवस आली. त्या दिवशी शेतात कडब्याची कोपी, म्हणजे छोटं खोपटं, करतात, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, पूजा करतात आणि सगळं गाव शेतात जेवतं. जेवणात भज्जी, भाकरी, उंडे असे पदार्थ असतात, पण मान अंबिलीचा. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून मडक्यात आंबवायचं, लसूण-जिरं घालायचं, आणि थंडगार प्यायचं. माझ्या अंबिलीचं नाव होतं. बायका विचारून विचारून थकल्या, मी सांगितलं नाही. माझं गुपित होतं ते. इतर बायका दोन दिवस आंबवत, मी चार दिवस ठेवायची. आणि पहिल्याच दिवशी त्यात चांगला मुठीएवढा गुळाचा खडा टाकून मडकं चुलीच्या उबेला ठेवायची. चौथ्या दिवशी त्याला बारीक बुडबुडे यायचे आणि अशी चव यायची की माणूस तांब्यानं प्यायचा. त्या वर्षी पाहुणे येणार म्हणून मी खडा जरा मोठाच टाकला.

चारठाण्याहून जाऊ आली, तिचे वडील आले, थोरला भाऊ आला. त्यांच्याकडं येळवशीचं एवढं कौतुक नसतं, म्हणून त्यांना सगळं दाखवताना मला चेव चढला होता. भाऊ दिरांकडं टक लावून बघत होता. पंगतीला मात्र त्यांच्या शेजारीच बसला. जाऊच्या तोंडावर जरा रंग आला होता. मी अंबिलीचा तांब्या घेऊन फिरत होते आणि दिरांच्या वाटीशी थांबत होते. "घ्या, भावजी. तुमच्यासाठीच केली. अजून घ्या." तिसऱ्या वाटीला ते नको म्हणाले. मी ऐकलं नाही. पाच वाट्या झाल्या.

पंगत उठली आणि थोड्या वेळानं दिरांचं तोंड लाल व्हायला लागलं. आधी वाटलं ऊन लागलं. मग मान लाल झाली, डोळे तांबारले, कपाळावर घाम फुटला. ते छातीवर हात ठेवून कोपीच्या मागं गेले आणि भडाभडा ओकले. डॉक्टरांनी सांगितलेलं एक एक लक्षण माझ्यासमोर उभं राहत होतं, आणि मला त्यातून एकच गोष्ट दिसली. भाऊ त्यांच्या तोंडाजवळ गेला, वास घेतला आणि मागं सरकला. "आंबूस वास येतोय," तो म्हणाला. "बघा, बाबा."

दीर बांधावरच्या झाडाला धरून उभे होते. ते भावाशी बोलले नाहीत, बायकोशी बोलले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "वैनी, तुमची आन. म्या पेलो न्हाई."

मी म्हणाले, "माझी आन घालू नका. म्या आजून जिती हाय."

सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले. चार महिन्यांची मेहनत मातीत गेली, या माणसानं मला पाहुण्यांपुढं तोंडघशी पाडलं, याचाच मला संताप होता. त्यांची छाती धडधडत होती, आणि मी माझ्या अब्रूचा विचार करत होते. मालकांनी त्यांना सावलीत निजवलं, पाणी पाजलं, वारा घातला. तास-दोन तासांत ओसरलं. तोवर पाहुणे निघाले होते. जाऊ एकदा मागं वळून बघून भावाच्या मागं गेली. एक शब्द बोलली नाही.

मी घरी येऊन गोळ्यांची डबी कोनाड्यात ठेवून दिली. माझं काम संपलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते, तर दीर आले, कोनाड्यातली डबी काढली, एक गोळी तोंडात टाकली, तांब्यानं पाणी प्यायले, आणि माझ्यापुढं उकिडवं बसून आ केलं. जीभही वर केली. मी मान वळवून चुलीत फुंकर घातली. ते थोडा वेळ तसेच बसले, मग तोंड मिटून उठून गेले. तिसऱ्या दिवशीही तसंच, चौथ्याही. मी एकदाही बघितलं नाही. ज्याला प्यायची असेल तो कशाला आपण होऊन गोळी घेईल, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. आली असेल, पण मी ती आत येऊ दिली नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचे ते दिवस. कधी मोर्चा, कधी बंद, एसटीचा भरोसा नसे. त्या आठवड्यातला गुरुवार बंदात गेला. त्यापुढच्या गुरुवारी आम्ही परभणीला गेलो, एकाच गाडीनं, पण मी पुढं आणि ते मागं. मी ठरवून गेले होते की डबी ताईंच्या हातात द्यायची आणि हात झाडायचे.

ताईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग मला बाजूला ठेवून त्यांनी दिरांना विचारलं, "त्या दिवशी सकाळपासून काय काय पोटात गेलं? चहापासून सांगा."

हा प्रश्न दहा दिवसांत आमच्या घरात कुणी विचारला नव्हता. दिरांनी सांगितलं. चहा, भाकरी, भज्जी, उंडे, अंबील.

"तुमच्याकडची अंबील म्हणजे?"

कोकणातल्या बाईला आमची अंबील माहीत नाही याचा मला रागच आला. मी फणकाऱ्यानं सांगितलं, पीठ, ताक, मडकं. त्या म्हणाल्या, "किती दिवस आंबवता? नुसतं पीठ आणि ताक? आणखी काही घालता का?"

त्या गुपितासाठी मी सख्ख्या बहिणीशी खोटं बोलले होते. बाजूला दीर जमिनीकडं बघत बसले होते. मी म्हणाले, "गूळ घालते."

ताईंनी डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी मला पुन्हा सगळं विचारलं, खडा केवढा, दिवस किती, मडकं कुठं ठेवलं होतं, बुडबुडे येतात का. मग सावकाश म्हणाले, "बाई, गूळ, पीठ आणि चार दिवस ऊब. लोक दारू अशीच करायला घेतात. इतरांना ती जाणवणारही नाही. पण यांच्या पोटात गोळी होती. किती प्यायले?"

"पाच वाट्या. म्याच वाढल्या."

त्यांनी टेबलावरचा छापील यादीचा गठ्ठा ओढला आणि वरच्या कागदावर पेनानं लिहिलं, अंबील. "आमच्या कागदावर हे नव्हतं," ते म्हणाले. "यात आमचीही चूक आहे." त्यांचा चांगुलपणा म्हणून त्यांनी चूक वाटून घेतली, पण माझ्या वाट्याचा भार त्यानं हलका झाला नाही. मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

परतीच्या गाडीत आम्ही एका बाकावर बसलो. मग दीरच हसले. "वैनी, सोडवली बी तुमीच आन् पाजली बी तुमीच." मला हसू येईना, रडू आवरेना. ताडकळस जवळ आल्यावर ते हळूच म्हणाले, "ओकारीचं काय न्हाई. तुमी मानलं न्हाई, ते लय लागलं मला."



हे सगळं अंबिलीनं झालं, अशी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. मालक म्हणाले, टपालानं धाडू. पण चिठ्ठीला चारठाण्यात कोण विचारणार होतं? डॉक्टर त्यांचा, चिठ्ठी त्यांची, असंच म्हणाले असते. मी पुन्हा अंबील घातली, तोच खडा, तेच मडकं, तेच चार दिवस. आणि कुणाला न सांगता दिरांच्या डबीतली एक एक गोळी तीन सकाळी मी खाल्ली. वेडेपणा होता. त्यानंतरच्या गुरुवारी दीर कपाळाला हात लावून म्हणाले, गोळ्या कमी पडल्या, तेव्हा ते बाहेर आलं आणि ताईंनी मला सगळ्यांसमोर असं झापलं की तसं मला सासूनंही कधी झापलं नव्हतं. पंधरा दिवस आंबवलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, अशी ताकीदही मिळाली. पण ते पुढं झालं. त्या वेळी मला दुसरं काही सुचत नव्हतं.

किटलीत अंबील भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि निघाले. परभणी, जिंतूर, मग चारठाणा. जिंतूरच्या अलीकडं खड्ड्यात गाडी आदळली आणि किटलीचं झाकण फडक्यासकट उडालं. शेजारच्या म्हाताऱ्याच्या धोतरावर शिंतोडे उडाले. त्यानं वास घेऊन माझ्याकडं असं बघितलं की मला चारठाण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसावं लागलं.

जाऊचे वडील आणि भाऊ ओसरीवर होते. मी चिठ्ठी दिली, अंबिलीचं सांगितलं, गुळाचं सांगितलं. भाऊ म्हणाला, "बाई, आमी बी तीच अंबील पेलो की. आमाला काय झालं?"

"तुमच्या पोटात गोळी नव्हती."

"ते तुमी म्हणायलाव. खरंखोटं कोण बघायलंय?"

"बघा मंग," मी म्हणाले. "तीन दिसांपासून माझ्या पोटात गोळी हाय. एक पेला आणा."

कुणीच उठलं नाही. मग मीच किटलीच्या झाकणात अंबील ओतली. मला भीती वाटत होती. झाकण तोंडाला लावणार, तेवढ्यात आतून जाऊ आली आणि तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. किटलीही उचलून अंगणात दावणीपाशी गेली आणि सगळी अंबील म्हशीपुढच्या कोंड्यात ओतून आली.

"बाई, मला त्याच दिशी ठावं होतं," ती म्हणाली. "पेल्यावर हे मान वर करून बघत न्हाईत. कवाच न्हाई. त्या दिशी बघायले होते. सगळ्यांकडं बघायले होते."

मी ओसरीच्या पायरीवर बसले. "मंग बोललीस कामून न्हाईस गं?"

"तुमी बोललाव ना," ती शांतपणे म्हणाली. "रोज सकाळी त्येंचं तोंड तुमी बघता. तुमीच मानलं न्हाई, मंग माझं कोन मानणार होतं?"

तिच्या भावानं खाली बघितलं. मीही. चार महिने मला वाटत होतं, मी त्या माणसाला धरून ठेवलंय. खरं तर माझ्या एका वाक्यानं त्याचं घर दुसऱ्यांदा मोडलं होतं, आणि तेही माझं बोलणं लोक खरं मानत म्हणून. आज इतक्या वर्षांनीही ओसरीवरचा तो क्षण आठवला की मी बोलता बोलता थांबते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी परत निघालो, मी, ती आणि तिची लेक. भाऊ जिंतूरपर्यंत पोचवायला आला. रिकामी किटली त्यानंच धरली होती. घरी पोचायला दिवे लागणीची वेळ झाली. दिरांनी अंगणात लेकीला उचललं, बायकोकडं बघितलं आणि पाणी आणायला म्हणून आत गेले ते लवकर बाहेरच आले नाहीत.

सकाळी मी चुलीपुढं बसले. दीर नेहमीच्या वेळेला आले. मी कोनाड्यातली डबी काढली आणि जाऊच्या हातात ठेवली. "आता तू दी," म्हणाले. तिनं गोळी दिली, तांब्या पुढं केला. त्यांनी गिळली आणि सवयीनं तिच्यापुढं उकिडवं बसून आ केलं, जीभ वर केली, डोळे मिटले.

तिनं चुलीवरची पहिली भाकर त्यांच्या ताटात वाढली. मग म्हणाली, "मिटा तोंड. भाकर निवायली."

मी पाण्याला म्हणून घागर घेऊन बाहेर पडले. घागर भरलेलीच होती.